एक्सफॅटची कुळकथा

मॅक आणि विंडोज या दोन्ही संगणकांवर एकच एक्स्टर्नल हार्ड डिस्क चालवायची असेल, तर ती बहुधा ‘एक्सफॅट’ पद्धतीने फॉरमॅट केली जाते. या पद्धतीचे मूळ १९७७ सालच्या ‘फॅट’मध्ये आहे. मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनाल्ड यांनी फॅट रचली. डिस्कवरची जागा ठरावीक आकाराच्या तुकड्यांत वाटायची आणि फाइलचा पुढचा तुकडा कुठे आहे हे एका तक्त्यात नोंदवून ठेवायचे, एवढीच तिची युक्ती. ती इतकी साधी होती, म्हणूनच टिकली.

१९९६ च्या फॅट३२ ने बऱ्याच मोठ्या डिस्क पेलल्या. पण फाइलचा आकार लिहायला तिच्यात ३२ बिटांचीच जागा होती, त्यामुळे ४ जीबीची फाइल तिच्यात बसत नसे. लेखी मजकुराच्या जमान्यात हे कुणाला खटकले नाही. पुढे ४.७ जीबीच्या डीव्हीडीची अख्खी प्रत एका फाइलीत ठेवायची वेळ आली, तेव्हा अडले.

दरम्यान दोन्ही कंपन्यांनी आपापली भक्कम पद्धत काढली होती: मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये एनटीएफएस, अॅपलने १९९८ मध्ये एचएफएस प्लस. मॅक एनटीएफएस डिस्क वाचतो, पण मूळ व्यवस्थेत तिच्यावर लिहीत नाही. विंडोजला तर मॅकची डिस्क ओळखूच येत नाही. विंडोज ती सरळ फॉरमॅट करायला सुचवते. अननुभवी माणसाने तिथे ‘हो’ म्हटले की घात झाला.

एक्सफॅट २००६ मध्ये विंडोज सीई ६.० बरोबर आली, ती छोट्या उपकरणांतल्या फ्लॅश मेमरीसाठी. मॅक-विंडोजचा तंटा मिटवणे हा काही तिचा हेतू नव्हता. २००९ मध्ये एसडीएक्ससी मेमरी कार्डांसाठी तीच प्रमाण ठरली. कॅमेऱ्यांतून ही कार्डे येऊ लागल्यावर मॅकलाही ती वाचता येणे गरजेचे झाले, आणि २०१० च्या मॅक ओएस टेन १०.६.५ मध्ये तशी सोय आली. हार्ड डिस्कवाल्यांचे काम त्यात आयतेच झाले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा तांत्रिक आराखडा खुला केला, तेव्हा लिनक्सचाही मार्ग मोकळा झाला.

मात्र चालू बदलांची नोंद ठेवणारे ‘जर्नल’ एक्सफॅटमध्ये नाही. लिहिणे चालू असताना केबल ओढली, तर फाइली बिघडू शकतात. म्हणून आधी ‘इजेक्ट’ करणे भाग आहे. मॅकच्या टाइम मशीन बॅकअपलाही एक्सफॅट चालत नाही, त्यासाठी अॅपलचीच पद्धत लागते.