चुकीच्या अंदाजाचे मोल

'ओळखा पाहू' या शब्दांनी सुरू होणारे खेळ आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. एकाने मनात काहीतरी धरायचे आणि दुसऱ्याने ते कमीत कमी प्रश्नांत ओळखायचे. ऑक्टोबर २०२१ मध्ये इंटरनेटवर आलेला 'वर्डल' हा याच कुळातला खेळ. जोश वॉर्डल या सॉफ्टवेअर अभियंत्याने तो आपली जोडीदार पलक शाह हिच्यासाठी तयार केला होता. रोज पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द आणि तो ओळखण्यासाठी सहा प्रयत्न. आपण सुचवलेल्या शब्दातले अक्षर योग्य जागी असेल तर त्याचा चौकोन हिरवा होतो. अक्षर आहे पण जागा वेगळी असेल तर पिवळा. अक्षरच नसेल तर करडा. १ नोव्हेंबर २०२१ रोजी हा खेळ ९० जण खेळले. दोन महिन्यांत ही संख्या ३ लाखांच्या पुढे गेली आणि जानेवारी २०२२ च्या अखेरीस न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला.

खेळ नवा असला तरी त्यातला प्रश्न जुना आहे: पुढचा अंदाज कोणता करावा? बरोबर ठरण्याची शक्यता ज्याची सर्वांत जास्त तो, असे उत्तर चटकन सुचते. गणिताचे उत्तर मात्र थोडे वेगळे आहे आणि ते हाती यायला काही दशके लागली.

सुरुवात १९४८ पासून करू. त्या वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या क्लॉड शॅनन यांनी माहिती मोजण्याची रीत मांडली. समजा, कोणी १ ते १००० मधली एक संख्या मनात धरली आहे. "ती ७३७ आहे का?" असे विचारले तर उत्तर बहुधा 'नाही' येईल आणि ९९९ शक्यता शिल्लक राहतील. "५०० पेक्षा मोठी आहे का?" असे विचारले तर उत्तर काहीही येवो, ५०० शक्यता बाद होतात. शक्यता निम्म्यावर आणणाऱ्या उत्तरातून मिळते ती एक 'बिट' माहिती. दहा वेळा दुप्पट केले की १ चे १०२४ होतात, म्हणून दहा प्रश्नांत १००० पर्यंतची कोणतीही संख्या सापडते. १९५१ मध्ये शॅनन यांनी हीच दृष्टी भाषेकडे वळवली. अपरिचित इंग्रजी मजकुरातले पुढचे अक्षर कोणते, हे एका व्यक्तीला ओळखायला सांगितले. मोकळ्या जागा धरून १०२ चिन्हांपैकी ७९ तिने पहिल्याच प्रयत्नात ओळखली! भाषेतली अक्षरे एकमेकांना बांधलेली असतात, म्हणूनच शब्दकोडी सुटतात.

१९५५ मध्ये 'जोट्टो' हा पाच अक्षरी शब्दांचा खेळ अमेरिकेत आला. त्यात सुचवलेल्या शब्दातली किती अक्षरे जुळली, एवढेच प्रतिस्पर्धी सांगतो. १९७० च्या सुमारास मॉर्डेकाय मायरोविट्झ या इस्राएली टपाल अधिकाऱ्याने अक्षरांऐवजी रंगीत खुंट्या वापरून 'मास्टरमाइंड' रचला. सहा रंग आणि चार जागा, म्हणजे ६ × ६ × ६ × ६ = १२९६ शक्य मांडण्या. जागेसह रंग किती जुळले आणि नुसता रंग किती ठिकाणी जुळला, एवढेच उत्तर मिळते.

१९७७ मध्ये संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांनी संगणकाच्या मदतीने दाखवून दिले की कोणतीही मांडणी जास्तीत जास्त पाच अंदाजांत ओळखता येते. रंगांना १ ते ६ क्रमांक देऊ. पहिला अंदाज १-१-१-१ असा केला आणि काहीच जुळले नाही, तर उरलेल्या पाच रंगांच्या ५ × ५ × ५ × ५ = ६२५ मांडण्या शिल्लक राहतात. १-१-२-२ असा केला तर उत्तर कितीही वाईट आले तरी २५६ पेक्षा जास्त मांडण्या उरत नाहीत. नुथ यांनी दर वेळी हाच निकष लावला: सर्वांत वाईट उत्तर आले तरी कमीत कमी शक्यता उराव्यात. त्यातून एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली. काही वेळा सर्वांत चांगला अंदाज असा असतो की तो बरोबर असूच शकत नाही, हे आधीच माहीत असते!

वर्डलमध्ये याचा अनुभव येतो. समजा, शेवटची चार अक्षरे आय, जी, एच, टी अशी कळली. आता लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, फाइट, टाइट आणि एट हे आठ शब्द शक्य आहेत. एकेक करून पाहिले तर सहा प्रयत्नही अपुरे पडतील. त्याऐवजी 'फिल्म्स' हा शब्द टाकला तर एफ, एल, एम आणि एस या चार अक्षरांची परीक्षा एकदम होते. चार शब्दांपैकी एक असेल तर तो लगेच कळतो, नाहीतर चारच उरतात. २०२२ मध्ये बर्टसिमस आणि पास्कोव्ह या संशोधकांनी मूळ यादीतल्या २३१५ उत्तरांसाठी सर्वोत्तम डावपेच काढला. त्यात सरासरी सुमारे ३.४२ प्रयत्न लागतात. त्याचा पहिला शब्द आहे 'सॅलेट', म्हणजे मध्ययुगीन शिरस्त्राण. हा शब्द उत्तरांच्या यादीत नाहीच!

असा अंदाज करणे माणसाला जड का जाते? १९६० मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी २९ विद्यार्थ्यांना २, ४, ६ हे त्रिकूट देऊन त्यामागचा नियम ओळखायला सांगितले. विद्यार्थ्यांनी स्वतः त्रिकुटे सुचवायची आणि ती नियमात बसतात की नाही हे विचारायचे. बहुतेकांनी मनातल्या कल्पनेला धरूनच, म्हणजे ८, १०, १२ यांसारखी त्रिकुटे सुचवली. नियम होता फक्त 'चढता क्रम'. पहिल्याच घोषणेत बरोबर नियम सांगणारे सहाच निघाले. आपली कल्पना खोटी ठरवू शकेल असा प्रश्न विचारणे हे विज्ञानाचे मर्म, पण ते आपोआप सुचत नाही. त्याची सवय लावावी लागते.

ही सवय वर्गात लावता येईल. फळ्यावर काळ, गाळ, जाळ, टाळ, डाळ, बाळ, माळ, साळ हे शब्द लिहा आणि त्यातला एक मनात धरा. मुले बहुधा एकेक शब्द विचारतील. त्याला सरासरी साडेचार प्रयत्न लागतात. मग 'जगबुडी' हा शब्द सुचवा आणि यातले कोणते अक्षर मनातल्या शब्दात आहे ते सांगा. हे उत्तर नव्हे हे प्रत्येक मुलाला माहीत आहे, तरी चार शब्दांचा निकाल त्याने एका दमात लागतो. उरलेल्या चारांचा निकाल लावणारा तसाच एक शब्द मुलांनाच शोधू द्या. तो सापडला की मनातला शब्द जास्तीत जास्त तीन प्रयत्नांत कळतो. 'चुकलेले' उत्तरही पुढे नेते, हे मग वेगळे शिकवावे लागणार नाही.