पॉइंटर : शिळा पत्ता आणि अवेळी सिग्नल

मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या भिवंडीतील गोदाम-संकुलांत माल पोहोचवायचा, तर टेम्पोचालकाच्या हाती इमारतीचा आणि गाळ्याचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी लागते. चिठ्ठी म्हणजे माल नव्हे आणि गाळाही नव्हे. गाळा कोठे आहे, एवढेच ती सांगते. सी आणि सी++ या संगणकीय भाषांतील पॉइंटर नेमके हेच काम करतो. त्यात माहिती नसते, माहिती स्मृतीत जेथे ठेवली आहे तेथील पत्ता असतो.

चिठ्ठी कोरी असेल तर चालक फाटकापाशीच थांबून विचारणा करतो. मात्र कालच्या फेरीची चिठ्ठी खिशात राहिली आणि तिच्यावर आजचा क्रमांक लिहायचे राहून गेले, तर तो निर्धास्तपणे परक्या गाळ्यासमोर जाऊन उभा राहतो. गाळ्याला कुलूप असले तर फेरी फुकट जाते. उघडा असला तर माल भलत्याच व्यापाऱ्याकडे उतरतो आणि घोटाळा कित्येक दिवसांनी हिशेबात उघडकीस येतो. कोऱ्या चिठ्ठीला प्रोग्रामर ‘नल पॉइंटर’ म्हणतात, तर शिळ्या चिठ्ठीला ‘अनइनिशियलाइज्ड पॉइंटर’, म्हणजे सुरुवातीचे मूल्यच न दिलेला पॉइंटर. या दोहोंतील फरक लक्षात न घेतल्यामुळे दोषशोधनात अनेकदा दिवसच्या दिवस वाया जातात.

डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये सी भाषा घडविली, तेव्हा यंत्रे संथ आणि स्मृती महाग होती. प्रत्येक चलाला आपोआप शून्य देण्यात वेळ दवडू नये, हे धोरण भाषेत रुजले आणि सी++ मध्येही वारशाने आले. फंक्शनमधील साध्या चलाला किंवा वर्गातील पॉइंटरला प्रोग्रामरने मूल्य दिले नाही, तर त्या जागी आधी जे काही पडलेले असेल तेच पत्ता म्हणून वाचले जाते.

महाराष्ट्रात सी शिकणाऱ्यांच्या कैक तुकड्या नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकावर आणि बोरलँडच्या टर्बो सी या साधनावर घडल्या. टर्बो सी डॉसवर चाले, आणि डॉसमध्ये एका प्रोग्रामची स्मृती दुसऱ्यापासून राखणारी भिंतच नव्हती. चुकीच्या पत्त्यावर लिहिले तरी प्रोग्राम बहुधा निमूटपणे पुढे जाई. फार तर शेवटी ‘नल पॉइंटर असाइनमेंट’ अशी ओळ उमटे आणि विद्यार्थी तिच्याकडे दुर्लक्ष करीत. तीच सवय घेऊन विंडोज किंवा लिनक्सवर आलेल्याला मात्र प्रणाली जागीच थांबविते: विंडोजवर ‘अ‍ॅक्सेस व्हायोलेशन’, लिनक्सवर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’. हा अडथळा वाटला तरी खरे पाहता तो उपकारच आहे.

खिडक्या, बटणे आणि याद्या असलेल्या, म्हणजे जीयूआय पद्धतीच्या प्रोग्रामात या दोषाला एक साथीदार मिळतो, तो म्हणजे वेळेआधी आलेला सिग्नल. १९९४ साली स्थापन झालेल्या नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीने घडविलेली ‘क्यूटी’ ही सी++ ची प्रणाली हे याचे उत्तम उदाहरण. तीत बटण दाबले, यादीतील निवड बदलली की त्या घटकाकडून ‘सिग्नल’ निघतो आणि त्याला जोडलेले ‘स्लॉट’ नावाचे फंक्शन चालते. वापरकर्त्याने काही केल्यावरच सिग्नल निघतो, असे नवख्याला वाटते. वस्तुतः प्रोग्रामने स्वतः घटकाचे मूल्य बदलले तरीही बहुतेक सिग्नल निघतात.

समजा, एखाद्या गोदामासाठी मालाच्या आवक-जावकेचा प्रोग्राम लिहिला आहे. खिडकीत गाळ्यांची यादी असून गाळा निवडला की त्यातील मालाचा तक्ता दिसतो. खिडकीच्या कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ती घडविणाऱ्या फंक्शनमध्ये, आधी ‘सेटअप-यूआय’ ही आज्ञा चालून सर्व घटक तयार होतात. स्लॉटला ठरावीक साच्याचे नाव दिलेले असेल, तर त्याच आज्ञेच्या अखेरीस तो आपोआप जोडलाही जातो. पुढच्या ओळीत यादीत पहिला गाळा भरला जातो. रिकाम्या यादीत पहिली नोंद येताच तीच निवडली जाते, ‘निवड बदलली’ असा सिग्नल निघतो आणि स्लॉट तत्क्षणी चालतो. स्लॉट तक्त्याकडे नेणाऱ्या पॉइंटरकडे वळतो; आणि तो पॉइंटर भरणारी ओळ अद्याप चार ओळी खाली आहे. मागावर ताणा चढण्याआधीच धोटा सुटावा, तसा हा प्रकार. खिडकी पडद्यावर उमटण्यापूर्वीच प्रोग्राम कोसळतो.

येथे पुष्कळ जण घाईने एक मलमपट्टी करतात: पॉइंटर नल नसेल तरच पुढे जा, अशी अट स्लॉटमध्ये घालतात. शिळ्या चिठ्ठीपुढे ही अट कुचकामी ठरते, कारण चिठ्ठीवर काहीतरी लिहिलेले असतेच. पॉइंटरला आरंभीच नल दिलेले असेल, तरच त्या तपासणीला अर्थ आहे.

याहून छळणारी गोष्ट म्हणजे दोष दर वेळी दिसत नाही. कार्यप्रणालीकडून नव्याने मिळालेली स्मृती सुरक्षेसाठी शून्याने पुसलेली असते, म्हणून प्रोग्रामच्या पहिल्या क्षणी शिळा पॉइंटर योगायोगाने शून्य निघू शकतो आणि वरची मलमपट्टी लागू पडल्यासारखी भासते. तीच खिडकी तासाभराने पुन्हा उघडली, तर वापरून परत केलेली स्मृती हाती येते आणि प्रोग्राम कोसळतो. प्रोग्रामरच्या टेबलावर सुरळीत चालणारे काम ग्राहकाच्या गल्ल्यावर, ट्रक दारात उभा असताना, बंद पडते ते अशामुळे. मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल सी++ चाचणीच्या आवृत्तीत न भरलेली स्मृती मुद्दाम ठरावीक खुणेने भरून ठेवते. डीबगरमध्ये ‘सीडी-सीडी-सीडी-सीडी’ असा पत्ता दिसला, की पॉइंटर भरलाच गेला नव्हता हे उमगते.

चुकीच्या पत्त्यावरून वाचल्याने केवढा अनर्थ होतो, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा-प्रोग्रामला २० मूल्ये पुरविलेली असताना त्याने एकविसावे वाचायचा प्रयत्न केला. तो विंडोजच्या गाभ्यात चालत असल्याने संपूर्ण संगणकच बंद पडले; मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख. भारतातील विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तो दोष जीयूआयचा नव्हता आणि पॉइंटर भरायचा राहिला असेही नेमके नव्हते, पण जात तीच.

अवेळी सिग्नलाचे निदान मात्र अवघड नाही. प्रोग्राम कोसळला त्या क्षणी कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले होते, याची उतरंड डीबगर दाखवितो. सर्वात वर स्लॉट आणि त्याच्या खाली कोठेतरी त्याच खिडकीचा कन्स्ट्रक्टर दिसला, तर खिडकी पुरती घडण्याआधीच सिग्नल आला होता, हे निश्चित समजावे. स्लॉटमधील ज्या ओळीवर बोट ठेवले जाते ती बहुधा निर्दोष असते.

ज्युलियन सेवर्ड यांचे ‘व्हॅलग्रिंड’ हे साधन २००२ पासून लिनक्सवर या कामी येते. न भरलेल्या मूल्यावर प्रोग्रामचा एखादा निर्णय अवलंबून असल्यास ते तशी सूचना देते. मात्र प्रोग्राम २० ते ३० पट मंदावतो. ‘अ‍ॅड्रेससॅनिटायझर’ पुष्कळ वेगवान आहे, पण न भरलेले मूल्य वाचले जाणे हे त्याच्या कक्षेतच येत नाही. त्यासाठी ‘मेमरीसॅनिटायझर’ लागतो, आणि त्याला सोबतची सर्व लायब्ररीही त्याच पद्धतीने संकलित केलेली हवी असते.

दुरुस्तीत क्रमाला महत्त्व आहे. वर्गात पॉइंटर जाहीर करतानाच त्याला नल द्यावे. २०११ च्या सी++ मानकापासून ते त्याच ओळीत करता येते. मग घटक व तक्ता घडवावेत, यादी भरावी आणि सिग्नल सर्वात शेवटी जोडावा. आपोआप जोडणी करणारी नावे टाळलेली बरी. क्यूटी ५.३ पासून ‘क्यू-सिग्नल-ब्लॉकर’ वापरून सिग्नल तात्पुरते अडविता येतात, पण ते त्या घटकाचे सगळेच सिग्नल अडविते. इतर श्रोत्यांनाही बदल कळत नाही. टायमर लावून काम क्षणभर पुढे ढकलणे हा उपाय सर्रास केला जातो. त्याने दोष बरेचदा झाकला जातो, पण त्या क्षणात खिडकी बंद झाली तर नवाच क्रॅश उद्भवू शकतो.

सिग्नल शेवटी जोडला, की आणखी एक काम उरते आणि ते हमखास विसरले जाते. यादी भरताना निघालेला सिग्नल कोणीच ऐकलेला नसतो. त्यामुळे वर पहिला गाळा निवडलेला दिसतो आणि खाली तक्ता मोकळा राहतो. जोडणीनंतर स्लॉट एकदा स्वतः बोलावला, की तोही भरतो.