तळटीप २३ : रेंडर नोड

२३. रेंडर नोड : लिनक्समध्ये ग्राफिक्स कार्ड वापरण्याचा मर्यादित अधिकारांचा मार्ग. पडद्यावर दिसणारे चित्र ‘फ्रेमबफर’ नावाच्या मेमरीत असते. १९२० × १०८० पिक्सेलच्या पडद्यासाठी, दर पिक्सेलला ४ बाइट धरल्यास, सुमारे ८३ लाख बाइट. ती मेमरी ज्याला वाचता येते, त्याला समोर उघडलेले खासगी पत्र आणि बँकेचा तपशीलही वाचता येतो. पूर्वी केवळ आकडेमोडीसाठी कार्ड हवे असलेल्या प्रोग्रॅमलाही पडदा चालवणाऱ्या मुख्य नोडमधूनच जावे लागे. २००८च्या लिनक्स २.६.२८मध्ये आलेल्या ‘जेम’ या ग्राफिक्स मेमरी सांभाळणाऱ्या व्यवस्थेत बफरला (मेमरीच्या तुकड्याला) ३२ बिटांचे सार्वत्रिक नाव देता येई. त्यामुळे मुख्य नोडवर प्रवेश मिळालेला प्रोग्रॅम नुसत्या अंदाजाने दुसऱ्याचा बफर उघडू शकत असे.

नोव्हेंबर २०१३च्या लिनक्स ३.१२मध्ये रेंडर नोड आला. त्यातून चित्र रेखाटता येते, आकडेमोड करता येते. पण पडद्याची मांडणी बदलता येत नाही आणि सार्वत्रिक नावाने बफरही मागता येत नाही. बफर वाटून घ्यायचा, तर तो ज्याचा आहे त्या प्रोग्रॅमने फाइल डिस्क्रिप्टर (तो वापरू देणारा क्रमांक) स्वतःहून द्यावा लागतो. मूळ मजकुरातील ‘विशेषाधिकार नसलेला प्रोग्रॅम’ या मर्यादेत काम करतो, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. हे संरक्षण कर्नेलपुरतेच (लिनक्सच्या गाभ्यापुरतेच) आहे : एक्स ११ या खिडक्या दाखवणाऱ्या व्यवस्थेत तिच्या सर्व्हरशी जोडलेला प्रोग्रॅम सामान्यतः त्या सर्व्हरकडूनच संपूर्ण पडद्याचे चित्र मिळवू शकतो.