फ्लेमिश निसर्गचित्रांतील वाटसरू

सोळाव्या शतकाच्या आरंभी अँटवर्प हे युरोपच्या व्यापाराचे मोठे केंद्र बनले, आणि याच शहरात 1515 साली चित्रकारांच्या संघात दाखल झालेल्या योआखिम पातिनीर याने धार्मिक कथेमागची पार्श्वभूमी एवढेच स्थान असलेल्या निसर्गाला चित्राचा मुख्य विषय बनवले. उंचावरून पाहिल्यासारखे डोंगर, नद्या, गावे आणि समुद्र एकाच फलकावर मांडणाऱ्या त्याच्या रचनेला कलेतिहासकार ‘विश्वदृश्य’ म्हणतात. तीत जवळची भूमी तपकिरी, मधली हिरवी आणि क्षितिज निळे रंगवून अंतराचा भास निर्माण केला जाई. इजिप्तकडे निघालेल्या पवित्र कुटुंबाच्या विश्रांतीचे त्याचे चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात असून, त्यात येशूची आई मरिया हिच्याजवळ ठेवलेली वेताची टोपली आणि काठी प्रवासाचे कष्ट सहज सांगून जातात.

पातिनीरनंतरच्या पिढीतील चित्रकार थोरल्या पीटर ब्रूगेलने 1550 च्या दशकात आल्प्स ओलांडून इटलीचा प्रवास केला, आणि त्या पर्वतांची स्मृती 1565 च्या ‘बर्फातील शिकारी’ या चित्रात सपाट फ्लेमिश प्रदेशामागे उभी राहिली. एवढ्याशा एका कोल्ह्याची शिकार घेऊन थकलेले शिकारी परततात, तर खाली गोठलेल्या तळ्यावर गावकरी खेळतात. पुढे त्याचा मुलगा यान याने तांब्याच्या छोट्या पत्र्यांवर गाड्या, घोडे आणि वाटसरूंनी गजबजलेले रस्ते रंगवले. अशा रीतीने संतांच्या यात्रेची जागा सामान्य माणसाच्या वाटचालीने घेतली, आणि निसर्गाची विशालता माणसाच्या पावलांनी मोजण्याची दृष्टी युरोपीय चित्रकलेत रुजली.