थोरल्याची माय

निवडणुकीच्या कामाला शाळामास्तर जुंपला नाही, असे आमच्या अकोटात सहसा घडत नाही. जेथे एरवी पाढे घोकले जातात, त्याच वर्गात टेबलाआड बसून आम्ही मतदारयादीवर खुणा करतो. पहिल्या अधिकाऱ्याने नाव मोठ्याने वाचायचे, प्रतिनिधींनी ऐकायचे, मग डाव्या तर्जनीला शाई. काही वर्षांपूर्वी असेच मी एका आजीचे नाव वाचले. आजी जागची हलली नाही. मी पुन्हा वाचले. मागच्या सुनेने कोपरखळी मारली, तेव्हा म्हातारी ओशाळून म्हणाली, "मलेच बलावलं का गुरुजी? मायेरचं नाव येगळं होतं, हे सासरचं. पन या नावानं हाक कोन मारते? सारे मले थोरल्याची मायच म्हणतात."

केंद्रावर हशा पिकला. मीही हसलो. पण संध्याकाळी पेट्या बांधताना ते हसू मनाला टोचू लागले. ज्या नावाने आयुष्यात कोणी हाक मारली नाही, त्या नावाने दिलेले मत कोणाचे?

हा प्रश्न जुना आहे. १९५१-५२ साली देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा आपले वऱ्हाड मध्य प्रदेशात होते आणि राजधानी होती नागपूर. मतदारनोंदणी करणारे घरोघर गेले, तेव्हा पुष्कळ बायांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नावे स्वीकारली नाहीत. देशातल्या सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख बाया अशा रीतीने यादीतून गळाल्या. त्यांत बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान यांची नावे होती. गंमत पाहा, आपल्याकडे हळदीकुंकवाला नवऱ्याचे नाव उखाण्यात गुंफून घेण्याचा केवढा थाट! पण जी उखाणा घेते, तिचे स्वतःचे नाव विचारावे, असे कोणाच्या मनात येत नाही.

कायद्याने नाव यादीत आणले. पण ते नाव बाईच्या तोंडी आणण्याचे काम कायद्याचे नव्हे. ते माणसांनी माणसांत बसून करायचे असते. महाराष्ट्रात ते काम ज्यांनी हाती घेतले, त्यांत शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीची कथा मला फार मोलाची वाटते.

शेतकरी संघटना म्हटली की आपल्याला कांदा, ऊस आणि कापूस आठवतो. शरद जोशी स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रांची नोकरी सोडून आले, पुणे जिल्ह्यात चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन राबले आणि १९७९ साली संघटना उभी राहिली. शेतीमालाला रास्त भाव हा तिचा एककलमी कार्यक्रम. आमच्या तालुक्याचे तिच्याशी नाते अलीकडेही दिसले. १० जून २०१९ रोजी अकोली जहांगीर येथे संघटनेच्या कार्यकर्त्यांनी मान्यता नसलेले कपाशीचे बियाणे उघडपणे पेरून सत्याग्रह केला. त्या पेरणीची चर्चा देशभर झाली. ती योग्य की अयोग्य यावर आमच्या चावडीत अजून दोन तट आहेत. परंतु मला सांगायची आहे ती दुसरीच पेरणी.

आंदोलनांत बाया पुरुषांच्या बरोबरीने रस्त्यावर बसल्या आणि तुरुंगातही गेल्या. पण भाव मिळाला तर पैसा कोणाच्या हाती येणार? निंदण, वेचणी, गुरेढोरे सारे त्यांच्याकडे. जमीन मात्र मालकाच्या नावावर. हा हिशेब मांडायला आंबेठाणला बायांची शिबिरे भरू लागली. तेथे व्याख्याने थोडी आणि बोलणे फार. पहाटेपासून रात्रीपर्यंत आपण काय काय करतो, हे बायांनीच सांगायचे. जी घरात कधी चार वाक्ये सलग बोलली नाही, तिला चारचौघींत बोलायला लावणे, हेच खरे शिक्षण. या विचारमंथनातून निघालेल्या पुस्तिकेचे नावही मोठे घरगुती आहे, 'चांदवडची शिदोरी'.

कारण पुढचा मुक्काम चांदवड होता. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या या गावी शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. गाठोड्यात भाकरी बांधून लाखावर बाया आल्या, असे सांगतात. त्यांतल्या कितीएक जत्रा आणि माहेर सोडून प्रथमच घराबाहेर पडल्या असतील! तेथे ठरले की, जिल्हा परिषदेच्या सर्व जागा स्त्रियांनीच लढवायच्या. दहावीस टक्के नव्हे, सगळ्या! सरकारने त्या निवडणुका पुढे ढकलल्या. पण १९८९ साली ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या, तेव्हा काही गावांत केवळ बायांची पॅनेले उभी राहिली. यवतमाळ जिल्ह्यातले मेटीखेडा, जळगाव जिल्ह्यातले विटनेर अशा मोजक्या गावांत ती निवडूनही आली. स्त्रियांना राखीव जागांचा कायदा तेव्हा झालेला नव्हता, हे ध्यानात ठेवावे. महाराष्ट्रात ३० टक्के जागा राखीव झाल्या त्या १९९० मध्ये. ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली १९९३ साली. आणि निम्म्या जागा मिळाल्या २०११ मध्ये.

अमरावतीला १९८९ च्या नोव्हेंबरात आघाडीचे पुढचे अधिवेशन झाले. त्या सुमारास आकाराला आलेला कार्यक्रम म्हणजे लक्ष्मीमुक्ती. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा वाटा स्वखुशीने बायकोच्या नावे करून द्यायचा. ज्या गावात शंभर कुटुंबांनी असे केले, ते लक्ष्मीमुक्तीचे गाव. ज्या पुरुषांना भावासाठी लढायला शिकवले, त्यांनाच आता घरातले देणे फेडायला सांगितले. हे सांगणे सोपे नव्हते. पण गावोगाव सातबारावर बायकांची नावे चढली. १९९२ साली सरकारनेही याच नावाचे परिपत्रक काढून पत्नीला सहधारक करण्याची वाट मोकळी केली.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संघटनेत पुढे फाटे फुटले. सभांना जमलेली गर्दी मतपेटीत उतरली नाही, हे निवडणुकांनी वारंवार दाखवले. राखीव जागा आल्या, तसे सरपंचबाईंच्या खुर्चीवर हक्काने बसणारे यजमानही आले. मग ती शिबिरे वाया गेली म्हणायची काय? मला तसे वाटत नाही. मतदाराला गाडीत घालून केंद्रावर आणणारे पुष्कळ असतात. त्यांचे काम सायंकाळी पाचसहाला संपते. मत तुझे आहे आणि तू कोण आहेस, हे शिकवणाऱ्याचे काम मात्र त्यानंतर सुरू होते. त्याचे पीक एका हंगामात येत नाही, हे कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडाला कोणी नव्याने का सांगावे?

अलीकडच्या निवडणुकीत तीच सून माझ्या टेबलापुढे आली. मी यादीत बोट फिरवू लागलो, तोच तिने आपले संपूर्ण नाव खणखणीत आवाजात सांगितले. म्हातारी आता नाही. तिचे नाव यादीतून निघाले; सातबारावर ते चढलेच नव्हते.

वाचकहो, लक्ष्मीपूजनाला आपण चौरंगावर वही ठेवतो, नाणी ठेवतो. यंदा त्यांच्याशेजारी घराचा सातबाराही ठेवून पाहावा. आणि हळदीकुंकू वाहण्याआधी घरातल्या लक्ष्मीचे नाव त्यावर आहे की नाही, तेवढे वाचावे.