सोबतीची सीमारेषा

बंगळूर शहरात वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले ते १८४७ साली. त्या काळच्या अशा बहुतेक इस्पितळांत दोनच वर्ग असत: एक कोंडलेल्यांचा आणि दुसरा राखणदारांचा. पुढे इस्पितळाची नावे बदलत गेली. १९२५ साली म्हैसूर सरकारने त्याला मानसिक रुग्णालय म्हटले. १९३७ च्या सुमारास ते आजच्या प्रशस्त आवारात आले. १९५४ साली त्याच्या शेजारी अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली. आणि १९७४ साली दोहोंचे एकीकरण होऊन निमहान्स ही संस्था अस्तित्वात आली. इमारतींचा व नावांचा हा इतिहास सांगण्यास सोपा आहे. रोग्याच्या खाटेशेजारी कोण बसावे, या प्रश्नाचा इतिहास मात्र त्याहून संथ आणि अधिक गुंतागुंतीचा आहे.

युरोपात हा प्रश्न अठराव्या शतकाच्या अखेरीस निघाला. पॅरिसजवळच्या बिसेत्र इस्पितळातील व्यवस्थापक प्युसँ हा स्वतः तेथेच गंडमाळेवर उपचार घेऊन बरा झालेला मनुष्य होता. बऱ्या झालेल्या रोग्यांतूनच तो आपले सेवक निवडीत असे. त्याचे हे कार्य पाहून प्रख्यात वैद्य पिनेल प्रभावित झाला. कारण ज्यांनी यातना भोगल्या, त्यांचा हात रोग्यावर सहसा उगारला जात नसे. आपल्याकडे प्रथम आले ते कुटुंब. १९५० च्या दशकात अमृतसर येथे डॉ. विद्यासागर यांनी इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकून नातलगांना रोग्यांसोबत राहू दिले. बंगळूरनेही घरच्या माणसाला रोग्याच्या सोबतीस ठेवण्याची प्रथा अंगीकारली. १९६४ साली तेथे डॉक्टर व धर्मोपदेशक यांनी मिळून मेडिको पास्टोरल असोसिएशन स्थापली, आणि इस्पितळ व घर यांच्यामधल्या निवासाची कल्पना तिने रुजविली. १९९० च्या दशकात रोग्यांच्या कुटुंबीयांनीच 'अमेंड' ही परस्परसहाय्याची संस्था उभारली.

याच्या पुढचे पाऊल म्हणजे स्वतः त्या आजारातून गेलेला सोबती. तो डॉक्टर नाही, नातलग नाही, आणि रूढ अर्थाने मित्रही नाही. तो नेमका कोण, हे ठरविण्यातच साऱ्या नीतिमर्यादांचा उगम आहे.

या मर्यादा कोणा पंडिताने आधी लिहून ठेवल्या नव्हत्या. त्या ठेचा खाऊन सापडल्या. १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब या दोन मद्यासक्त गृहस्थांनी एकमेकांना सावरले आणि त्यातून मद्यपींच्या अनामिक संघाचा जन्म झाला. पहिल्या उत्साहात विल्सन दांपत्याने ब्रुकलिनमधल्या आपल्या घरातच व्यसनी मंडळींना ठेवून घेतले. परंतु यश फारसे आले नाही. दुसऱ्याला आपल्या छपराखाली घेणे म्हणजे त्याला सावरणे नव्हे, हा धडा त्यातून मिळाला. १९५० साली संघाने स्वीकारलेल्या बारा परंपरांत अनामिकता आली, आणि परस्परसाह्याचे हे काम धंदेवाईक होऊ नये, हेही आले. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणातही व्यसनमुक्त झालेली माणसे कार्यकर्ते म्हणून उभी राहिली. त्यांच्या अनुभवाचे मोल मोठे खरे. परंतु अनुभव असणे म्हणजे निदान करण्याचा अधिकार असणे नव्हे. "मी गोळ्या सोडल्या, तूही सोड" हे एक वाक्य रोग्याची कित्येक महिन्यांची कमाई धुळीस मिळवू शकते.

पैसे उसने देणे, मध्यरात्री येणारे दूरध्वनी, रोग्याच्या घरातील भांडणात पंच होणे, या गोष्टी दयेच्या पोटीच सुरू होतात. आपल्या समाजात नकार देणे हा उद्धटपणा समजला जातो, म्हणून सोबत्याला 'नाही' म्हणणे अधिकच जड जाते. आणि तो स्वतः नुकताच सावरलेला असेल, तर दुसऱ्याचे दुःख ऐकता ऐकता त्याची जुनी जखम उघडी पडते. विश्रांती मागणे हा त्याच्या कामाचा भाग मानला गेला पाहिजे. पण अजूनही तो त्याचा कमकुवतपणा मानला जातो, हे खेदाने म्हणावे लागते.

सर्वांत कठीण प्रसंग गुपिताचा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या तेविसाव्या कलमाने रोग्याला गोपनीयतेचा हक्क दिला आणि आरोग्य व्यावसायिकांवर ती पाळण्याचे बंधन घातले. जिवाला धोका असेल किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा संभव असेल, तर मात्र आवश्यक तेवढीच माहिती देण्यास त्यात मुभा आहे. हे शब्द व्यावसायिकांना उद्देशून आहेत. बाकावर शेजारी बसलेल्या सोबत्याला उद्देशून नाहीत. त्याला त्याच्या शब्दाचेच बंधन. म्हणून 'कुणालाही सांगणार नाही' असे सरसकट वचन त्याने देऊ नये. जीव जाण्याची भीती असेल तेव्हा कोणाला कळविणार, हे त्याने पहिल्याच भेटीत, मन मोकळे होण्यापूर्वी, स्पष्ट सांगावे. ते नंतर सांगितले, तर विश्वासघातासारखे वाटते.

गोपनीयतेचा व्याप इस्पितळाच्या भिंतीपाशी संपत नाही. जयनगरच्या बाजारात किंवा बसच्या रांगेत ओळखीचा रोगी समोर आला, तर सोबत्याने आपणहून नमस्कारही करू नये. त्या माणसाबरोबर कोण आहे, आणि त्या कोणाला काय ठाऊक आहे, हे त्याला माहीत नसते. रोग्याने नजर मिळविली, तरच हात जोडावेत.