दप्तराचे वारस

महाराष्ट्रातल्या माहिती तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा यंत्रे आणि कंपन्यांच्या क्रमाने सांगतात. १९६० मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफरॅक हा संगणक कार्यान्वित झाला, १९६८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस निघाली, १९७३ मध्ये अंधेरीला सीप्झ हे निर्यात क्षेत्र उभे राहिले, १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने परम ८००० तयार केला. यात खोटे काही नाही, पण या धंद्यात केस पिकलेल्या माणसाला आपले रोजचे काम यात सापडत नाही. प्रोग्रामरचे बरेचसे आयुष्य नवे लिहिण्यापेक्षा दुसऱ्याने आधी लिहून ठेवलेले वाचण्यात जाते. सन २००० च्या तोंडावर भारतीय कंपन्यांना परदेशातून मिळालेले मोठे काम हेच होते: वर्षाचे दोनच आकडे ठेवणारे, जुन्या कोबोलमधले प्रोग्राम वाचून दुरुस्त करणे. म्हणून मला वाटते, आमच्या व्यवसायाचे पूर्वज यंत्रशाळेत शोधण्याऐवजी गावच्या दप्तरात शोधावेत. कुलकर्णी, पटवारी, तलाठी यांनी जे काम शाईने केले तेच आम्ही पुढे चालवत आलो. याचा पुरावा सोयगावसारख्या तालुक्यात चांगला दिसतो.

सोयगाव मराठवाड्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी, जळगाव जिल्ह्याच्या हद्दीला लागून आहे. अजिंठ्याची लेणीही याच तालुक्यात येतात. आज ही जिल्ह्याची हद्द आहे; १९४८ पर्यंत ती दोन राजवटींची होती. पलीकडच्या इंग्रजी खानदेशात मुंबई इलाख्याची रयतवारी मोजणी आणि १९०३ चा हक्कनोंदणीचा कायदा चाले. अलीकडे निजामाच्या हैदराबाद संस्थानात १३१७ फसलीचा जमीन महसूल कायदा होता आणि कचेरीचा कारभार उर्दूत चाले. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येते, पण वर्षाची सुरुवात वेगळी असल्याने एका फसली वर्षाला दोन इसवी वर्षे चिकटतात. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने दोन्ही बाजूंना एकच कायदा दिला आणि गाव नमुना सात व बारा मिळून होणारा सातबारा हाच दोन्हीकडचा नमुना ठरला. नमुना एक झाला, तरी त्यात उतरलेल्या नोंदी दोन वेगळ्या परंपरांतून आल्या होत्या. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे शोधावी लागली. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदावर आजच्या माणसाचा जातीचा दाखला अवलंबून असतो, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले.

अशा दप्तराचा संगणकीय तक्ता करताना काय होते, हे एका वाटणीवरून कळते. जुना हिस्सा आण्या-पैंत लिहीत. सोळा आण्यांचे तीन भावांत वाटे केले तर प्रत्येकाला पाच आणे चार पै येतात आणि बेरीज पुरी सोळा आणे भरते, कारण १९२ पैंना तिनाने पूर्ण भाग जातो. तीच एक हेक्टर जमीन दोन दशांशांत वाटली की प्रत्येकी ३३ आर होतात आणि एक आर उरतो. एक आर म्हणजे जवळपास एक गुंठा. बांधासाठी कोर्टात जाणाऱ्या गावात ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पाच हिस्सेदार आले तर पैही अपुरी पडे, तेव्हा जुनी पद्धत निर्दोष होती असे मला म्हणायचे नाही. पण कागद ही तफावत पोटात घेई, आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळलीच पाहिजे अशी अट घालणारा प्रोग्राम ती घेत नाही. त्यात एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर करताना झालेली पूर्णांकने मिसळतात. ज्याचा हक्क संपला त्याच्या नावाला कंस होतो, पण कंस फेरफाराने पडला की नुसत्या हाताने, हे फेरफाराची नोंदवही उघडल्याशिवाय कळत नाही. इतर हक्कांच्या रकान्यात तर सोसायटीचा बोजा, कूळ, विहिरीचा वाटा, बहिणींची नावे असे सगळे एकत्र नांदते. हा रकाना नीट वाचता येणे ही मी प्रोग्रामिंग भाषेच्या ज्ञानाहून वरची पात्रता मानतो.

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. महाराष्ट्रातून त्यात वर्धा होता. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मात्र १ मे २०१८ रोजी आला. मधल्या तीस वर्षांचा दोष यंत्रांवर टाकता येत नाही, यंत्रे तर त्या काळात कितीतरी पटींनी सुधारली. वेळ खाल्ला तो नोंदींचा मेळ बसवण्याने. २०१७ मध्ये संगणकातला सातबारा तपासायला शासनाने चावडी वाचन घेतले, म्हणजे गावकऱ्यांपुढे नोंद मोठ्याने वाचायची आणि चूक असेल तर त्यांनी तिथेच सांगायची. सॉफ्टवेअरची याहून चांगली चाचणी मला माहीत नाही. शिवाय संहितेच्या कलम १५७ प्रमाणे नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानली जाते आणि कलम १५५ प्रमाणे लेखनप्रमाद दुरुस्त करता येतो. टंकताना झालेल्या चुका त्याच १५५ खाली निस्तराव्या लागल्या. संगणक येण्यापूर्वीच्या कायद्याने चुकीची आणि दुरुस्तीची अशा दोन्ही वाटा आखून ठेवल्या होत्या.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. दप्तर हे सत्तेचे हत्यार होते. पटवाऱ्याच्या लेखणीने जमिनी फिरल्या, कुळांची आणि बायकांची नावे गाळली गेली. त्याला वारसा म्हणायचे का? मी म्हणतो, कारण वारशात कर्जही येते. गाळलेले नाव संगणकात उतरत नाही. उलट ते गाळणे डिजिटल सहीने पक्के होते. हे ठाऊक असलेला प्रोग्रामर नोंद कोणी, कधी, कशाच्या आधारे बदलली याचा माग ठेवतो, जुनी नोंद पुसत नाही. दुसरा आक्षेप असा की, संगणकाने खरोखर नवे काही केले: उताऱ्यासाठी तलाठ्याच्या मागे हिंडणे संपले. हे मान्यच आहे, आणि सोयगावच्या शेतकऱ्याचा वाचलेला दिवस मी कमी लेखत नाही. पण मोबाइलवर झटकन येतो तो उताराच. त्यावर काय असते ते जुन्या नोंदीनेच ठरलेले असते.

आता प्रोग्रामही यंत्र लिहू लागले आहे, तेव्हा जुन्या माणसांच्या या वाचनाचे काय, असे तरुण विचारतात. यंत्र तक्ता चटकन बांधील. तीन भावांतला उरलेला आर कोणाच्या नावावर लावायचा, हे मात्र त्याला वारसाहक्क आणि गावची वहिवाट जाणणाऱ्या माणसानेच सांगावे लागेल. पिकांच्या नोंदीतही तेच. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच पीक नोंदवतो, फोटोसकट. कपाशीत तूर असेल तर मिश्र पिकाचे क्षेत्र कसे मांडायचे, हा प्रश्न नमुना बारामध्ये कागदाच्या काळीच सोडवलेला होता. मिश्र पिकांसाठी तिथे वेगळे रकाने होते. ते रकाने कोणी आणि का आखले, हे आमच्या अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात एका तासालाही शिकवले जात नाही. ते शिकवावे, आणि शिकवायला निवृत्त तलाठ्यांना बोलवावे, असे मला वाटते.